मूत्रपरीक्षेतून मूत्राशय-कर्करोगाचा शोध : गिमवी, बार्शी व उस्मानाबाद जिल्ह्याच्या अनुभवांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रोगनिदानाच्या इतिहासात मूत्रपरीक्षेचे स्थान फार प्राचीन आहे. रक्त काढावयाचे तर सुई हवी, शरीराच्या आत पाहावयाचे तर क्ष-किरण किंवा दुर्बीण हवी. मूत्र मात्र शरीर स्वतःहून बाहेर टाकते. त्यामुळे रुग्णास कोणतीही इजा न करता त्याच्या अंतर्भागातील स्थितीचा अंदाज घेण्याचे साधन म्हणून जगातील बहुतेक सर्व वैद्यकपरंपरांनी मूत्राकडे पाहिले. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर या परीक्षेला विशेष महत्त्व आहे. मूत्राशयाच्या अस्तरात निर्माण होणारी गाठ सतत मूत्राच्या संपर्कात असते. तिच्यातून रक्त झिरपते, पेशी सुटतात आणि त्या पेशींतील जनुकीय द्रव्यही मूत्रात उतरते. म्हणजेच या रोगाचा पुरावा रोगी दररोज आपल्या शरीराबाहेर टाकीत असतो. तो ओळखता येतो काय, हाच गेल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या संशोधनाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत निबंधात या संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला असून त्याची सांगड महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील तीन घटनांशी घालण्यात आली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्रपरीक्षेतून उघडकीस आलेला आजार, बार्शी येथील ग्रामीण कर्करोग नोंदणी आणि उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) जिल्ह्यातील गर्भाशयमुख-कर्करोगाची चाळणी तपासणी या त्या तीन घटना होत. तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसले आहे. अशा गावातील एखाद्या शेतमजुराच्या लघवीत रक्त दिसले तर पुढे काय घडते, या व्यावहारिक प्रश्नाच्या कसोटीवर हा इतिहास तपासणे, हा या निबंधाचा हेतू आहे.

प्राचीन मूत्रपरीक्षा : तैलबिंदूची पद्धत

आयुर्वेदात प्रमेहाच्या विवेचनात मूत्राचा वर्ण, गंध व घनता यांचा विचार केलेला आढळतो. उत्तरकाळातील 'योगरत्नाकर' या ग्रंथात अष्टस्थान परीक्षेचे वर्णन येते. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् व आकृती ही ती आठ स्थाने होत. त्यात सांगितलेल्या पद्धतीनुसार पहाटेच्या वेळी मूत्राची पहिली धार सोडून मधली धार पात्रात घ्यावयाची आणि तिच्यावर तिळाच्या तेलाचा थेंब सोडावयाचा असतो. तेल पसरले तर रोग साध्य, न पसरता तसेच राहिले तर कष्टसाध्य आणि बुडाले तर असाध्य, असा निष्कर्ष काढला जाई. युरोपातही मध्ययुगात मूत्राचे काचपात्र हे वैद्याच्या व्यवसायाचे चिन्हच बनले होते.

आजच्या शास्त्राच्या दृष्टीने तैलबिंदूचे निष्कर्ष प्रमाण मानता येत नाहीत. तथापि या परंपरेतील एक गोष्ट लक्षणीय आहे. मूत्र केव्हा व कसे घ्यावे, याचा विचार तिने केला होता. मधली धार घेण्याचा नियम आजही जंतूंच्या तपासणीत पाळला जातो. उलट, पेशींच्या तपासणीसाठी पहाटेचे पहिले मूत्र टाळावे असे आधुनिक विकृतिशास्त्र सांगते, कारण रात्रभर मूत्राशयात साठलेल्या मूत्रात पेशी खराब होतात. नमुना कोणता आणि कधीचा, यावर निष्कर्षाची विश्वसनीयता अवलंबून असते, हे सूत्र जुने आहे. पुढील विवेचनात त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मूत्राच्या गाळाची तपासणी होऊ लागली. प्राग येथील वैद्यक-संशोधक विलेम दुशान लाम्ब्ल यांनी १८५६ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात मूत्रात आढळणाऱ्या पेशींचे वर्णन केले. मूत्रपेशी-परीक्षेचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. परंतु ही पद्धत लगेच रूढ झाली नाही. जर्मन वैद्य माक्सिमिलियान निट्झे यांनी १८७७ मध्ये मूत्राशयाच्या आत पाहता येईल असे दुर्बिणीसारखे उपकरण सादर केले आणि वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. गाठ प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसू लागल्यावर मूत्रातील विखुरलेल्या पेशींचा अर्थ लावण्याची निकड कमी झाली, असे म्हणता येईल.

सिस्टोस्कोपी या नावाने ओळखली जाणारी ही दुर्बीण-तपासणी आजही मूत्राशय-कर्करोगाच्या निदानाचा आधारस्तंभ आहे. मात्र ती मूत्रमार्गातून उपकरण घालून करावी लागते. तिच्यासाठी प्रशिक्षित मूत्ररोगतज्ज्ञ, निर्जंतुक उपकरणे आणि रुग्णालय यांची आवश्यकता असते. रुग्णास वेदना, जळजळ व जंतुसंसर्ग यांचा त्रास होऊ शकतो. शिवाय या रोगाचे स्वरूप असे की निदानसमयी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये गाठ मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते. ती काढता येते, परंतु पुनःपुन्हा उद्भवण्याची तिची प्रवृत्ती असते. त्यामुळे रुग्णाला अनेक वर्षे ठरावीक अंतराने ही तपासणी करून घ्यावी लागते. शरीरात उपकरण न घालता होणाऱ्या चाचणीची ओढ संशोधकांना लागली, त्याचे मूळ येथे आहे.

रंगकारखाने आणि कामगारांचे मूत्र

मूत्राशयाच्या कर्करोगाच्या कारणांचा शोध कारखान्यांत लागला. फ्रँकफर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन हा रंग तयार करणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९३८ मध्ये अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रसायन कुत्र्यांना देऊन मूत्राशयात कर्करोग निर्माण होतो, हे सिद्ध केले. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंग-उद्योगातील कामगारांच्या नोंदींचा अभ्यास करून या धोक्याचे प्रमाण दाखवून दिले. पुढे १९६७ मध्ये तेथे अशा रसायनांच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. भारत सरकारने १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारित रंगांवर बंदी आणली. सोलापूरसारखे वस्त्रोद्योगाचे केंद्र जवळ असलेल्या प्रदेशाला या इतिहासाचे भान असणे अगत्याचे आहे.

याच काळात पेशीपरीक्षेचे पुनरुज्जीवन झाले. गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीसाठी प्रसिद्ध असलेले जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी व्हिक्टर मार्शल यांच्यासह १९४५ मध्ये मूत्राच्या गाळाचे लेपन रंगवून कर्करोगाच्या पेशी ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५० च्या दशकात ब्रिटनमधील धोक्याच्या उद्योगांत कामगारांच्या मूत्राची अशी नियमित तपासणी सुरू झाली. येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. ही तपासणी सरसकट सर्व नागरिकांची नव्हती. ज्यांचा धोका ज्ञात होता, ज्यांची नावे हजेरीपटावर होती आणि ज्यांना पुढील तपासणीसाठी बोलावणे शक्य होते, अशा मर्यादित समूहाची ती होती.

भारतात कर्करोगाचा संबंध लोकांच्या चालीरीतींशी व व्यवसायाशी जोडून पाहण्याचे श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे जाते. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे होती. १९४५ मध्येच त्यांनी सूर्याबाई यांच्यासह धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेला होणारा कर्करोग, तसेच चुट्टा व खैनी यांच्याशी निगडित कर्करोग यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगाचे मूळ रोग्याच्या शरीराइतकेच त्याच्या जगण्याच्या रीतीत शोधावे लागते, हा त्यांच्या कार्याचा बोध होय. मूत्राशय-कर्करोगाच्या बाबतीत जगभर आढळणारे सर्वांत मोठे कारण तंबाखूचे धूम्रपान हे आहे. ज्या प्रदेशात विडी हा दैनंदिन जीवनाचा भाग आहे, तेथे हा बोध अधिकच लागू पडतो.

गिमवी : मूत्रपरीक्षेने उघड केलेले गाव

महाराष्ट्राच्या इतिहासात एका गावाचे नाव मूत्रपरीक्षेमुळे जागतिक वैद्यकीय वाङ्मयात गेले. १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ व एस. एन. शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मानवी शिस्टोसोमियासिस या कृमिजन्य आजाराचे अस्तित्व दाखवून दिले. हा आजार आफ्रिका व पश्चिम आशियात मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारतात तो स्थानिक स्वरूपात असल्याचे तोवर मानले जात नव्हते. लघवीतून रक्त जाण्याची तक्रार असलेल्या ग्रामस्थांच्या मूत्रात कृमीची अंडी आढळली. पाण्यातील फेरिसिया टेन्युइस ही लहानशी गोगलगाय या कृमीच्या जीवनचक्रातील मधला दुवा असल्याचेही पुढे याच संशोधकांनी मांडले. ओढ्याच्या पाण्यात वावरणाऱ्यांच्या त्वचेतून कृमी शरीरात शिरतो आणि मूत्राशयाच्या भोवतालच्या रक्तवाहिन्यांत राहून अंडी घालतो, अशी या रोगाची रीत आहे.

या घटनेचा मूत्राशय-कर्करोगाशी संबंध आहे. कैरो येथे १९११ मध्ये ए. आर. फर्ग्युसन यांनी या कृमिरोगाचा व मूत्राशयाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये शिस्टोसोमा हिमॅटोबियम या कृमीचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. गिमवीचा कृमी नेमका त्याच जातीचा होता किंवा कसे, यावर संशोधकांत चर्चा झाली. तथापि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. गिमवीत वापरलेले साधन अत्यंत साधे होते : मूत्राचा नमुना आणि सूक्ष्मदर्शक. लघवीतील रक्त ही त्या गावात अंगवळणी पडलेली बाब न मानता कोणीतरी तिचे कारण विचारले, म्हणून शोध लागला. म्हणजे येथे साधनाच्या नवेपणापेक्षा तक्रार गांभीर्याने घेण्याची वृत्ती निर्णायक ठरली.

बार्शी : मोजणी हीच पहिली पायरी

एखादा रोग किती आहे हे ठाऊक नसेल तर त्याच्या तपासणीचे नियोजन करता येत नाही. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. १९८१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. परंतु या नोंदी शहरांच्या होत्या. ग्रामीण भारतातील पहिली अशी नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील भूम व परंडा हे तालुके तिच्या कक्षेत होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय हे या कार्याचे केंद्र होते.

शहरात रुग्णालयांच्या नोंदवह्या तपासल्या की बरीच माहिती हाती येते. खेड्यात असे होत नाही, कारण रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतोच असे नाही. निदान न होताच त्याचा मृत्यू होऊ शकतो. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाण्याची पद्धत अवलंबिली. ग्रामस्थांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगणे, संशयित व्यक्तींना रुग्णालयात तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करणे आणि मग नोंद करणे, असा तिचा क्रम होता. परिणामी नोंदणीचे काम हे लोकशिक्षणाचेही काम झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे या प्रकल्पाच्या अभ्यासांतून दिसून आले. कोणतीही नवी चाचणी न आणता, केवळ लक्षणांची ओळख व पाठपुरावा यांच्या बळावर हा बदल घडला.

उस्मानाबाद जिल्हा : चार गट आणि एक निष्कर्ष

ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे रुग्णालय व फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो संयुक्तपणे केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षा, तिसऱ्यात व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल लावून केलेली प्रत्यक्ष पाहणी आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा, अशी ही योजना होती. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

विषाणू-चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणींचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. नेहमीच्या सेवेच्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ६४ जणी मृत्यू पावल्या. एकाच वेळच्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा झाला. पेशीपरीक्षेच्या व प्रत्यक्ष पाहणीच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीचे जगभरचे धोरण विषाणू-चाचणीकडे वळण्यात या जिल्ह्यातील स्त्रियांचा सहभाग कारणीभूत ठरला आहे.

या अभ्यासाची दुसरी बाजूही इतिहासात नोंदवली गेली पाहिजे. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी देण्यात आली नव्हती. त्या काळी देशात अशी तपासणी सार्वत्रिक नसल्याने 'नेहमीची सेवा' म्हणजे व्यवहारात तपासणीचा अभावच होता. भारतात झालेल्या अशा अभ्यासांतील तुलनेच्या गटांविषयी पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या क्षेत्रात वाद झाला. देशात जी सेवा उपलब्ध आहे तिच्याशीच तुलना करणे योग्य, असे एका पक्षाचे म्हणणे होते. उपयुक्त ठरलेली तपासणी माहीत असताना ती न देणे अयोग्य, असे दुसऱ्या पक्षाचे मत होते. उपरोक्त ६४ हा आकडा निष्कर्षाच्या गणितातील एक पद आहे. त्याच वेळी तो याच जिल्ह्यातील ६४ कुटुंबांचा इतिहास आहे. या दोन्ही अर्थांनी तो वाचला जावयास हवा.

प्रयोगशाळेतील नवी साधने आणि त्यांच्या मर्यादा

मूत्राशय-कर्करोगासाठीच्या चाचण्या १९९० च्या दशकापासून वेगाने विकसित झाल्या. पेशीकेंद्रातील एका प्रथिनाचे मूत्रातील प्रमाण मोजणाऱ्या एनएमपी-२२ या चाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी मान्यता दिली. २००१ मध्ये पेशींतील गुणसूत्रांचे बदल प्रकाशमान खुणांनी दाखवणाऱ्या युरोव्हिजन या चाचणीस मान्यता मिळाली. पुढील टप्प्यात एफजीएफआर-३ व टर्ट या जनुकांतील बदल मूत्रात शोधण्याचे तंत्र आले. इराणच्या गोलेस्तान प्रांतात २००४ ते २००८ या काळात सुमारे ५०,००० व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू करण्यात आला होता. त्यातील साठवलेल्या मूत्रनमुन्यांची तपासणी करून २०२० मध्ये असे दाखवण्यात आले की पुढे मूत्राशयाचा कर्करोग झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मूत्रात टर्ट जनुकातील बदल निदानापूर्वीच आढळतो. काहींच्या बाबतीत तर तो दहा वर्षे आधी दिसला. हा अभ्यास बव्हंशी ग्रामीण लोकसंख्येतील होता, ही बाब मराठवाड्याच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

तथापि या साधनांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. युरोपीय मूत्ररोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पेशीपरीक्षेत आक्रमक स्वरूपाच्या गाठी सुमारे ८४ टक्के ओळखल्या जातात, तर सौम्य स्वरूपाच्या गाठी केवळ १६ टक्क्यांच्या आसपास. आक्रमक गाठीतील पेशींची परस्परांवरील पकड सैल असते, त्या सहज सुटतात व विचित्र दिसतात. सौम्य गाठीतील पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. पेशीपरीक्षेच्या अहवालांत एकवाक्यता यावी म्हणून २०१६ मध्ये 'पॅरिस पद्धती' या नावाने समान निकष प्रसिद्ध करण्यात आले. नव्या प्रथिन-चाचण्या सौम्य गाठी अधिक प्रमाणात पकडतात, परंतु मूतखडा, जंतुसंसर्ग किंवा सूज असली तरी त्या रोग असल्याचा खोटा इशारा देतात. मूतखडा हा तर मराठवाड्यातील नेहमीचा आजार आहे.

नमुन्याचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. मूत्रातील पेशी काही तासांतच विघटित होऊ लागतात. उन्हाळ्यात एखाद्या वाडीवर घेतलेला नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो तपासण्यायोग्य राहीलच, याची खात्री देता येत नाही. परिरक्षक द्रव्य, शीतपेटी व वाहतूक यांची सोय नसेल तर उत्तम चाचणीही निरुपयोगी ठरते.

सरसकट तपासणी की लक्षणाधारित तपासणी

दोन काल्पनिक उदाहरणांनी हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, १०,००० व्यक्तींची सरसकट मूत्रचाचणी केली व त्यांपैकी ५ जणांना हा रोग आहे. चाचणी १०० रुग्णांपैकी ८० रुग्ण ओळखते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी ९० जणांना निरोगी ठरवते, असे मानू. तर ४ रुग्ण सापडतील, एक सुटेल. परंतु सुमारे १,००० निरोगी व्यक्तींना कर्करोगाचा संशय सांगावा लागेल आणि त्या सर्वांना दुर्बीण-तपासणीसाठी शहरात पाठवावे लागेल. आता समजा, वेदना नसताना लघवीतून रक्त गेलेल्या १,००० प्रौढांची तीच चाचणी केली व त्यांपैकी १०० जणांना रोग आहे. येथे ८० रुग्ण सापडतील आणि खोटे इशारे ९० असतील. चाचणी एकच, परंतु ती कोणावर वापरली यावर तिचे मूल्य बदलते. ब्रिटनमधील कामगारांच्या तपासणीमागेही हेच तत्त्व होते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०११ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या सरसकट तपासणीबाबत पुरावा अपुरा असल्याचे मत दिले. भारताच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमातही मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची चाळणी तपासणी अंतर्भूत आहे. वैद्यकीयदृष्ट्या हा क्रम योग्यच म्हणावा लागेल.

मात्र 'सरसकट तपासणी नको' याचा अर्थ 'काहीच नको' असा होत नाही. मूत्राशय-कर्करोगाचे पहिले लक्षण बहुधा वेदनारहित रक्तस्राव हे असते आणि ते फसवे असते. एक-दोनदा लघवी लाल होते व नंतर आपोआप स्वच्छ होते. दरम्यान घेतलेल्या काढ्याला, गोळ्यांना किंवा नवसाला गुण आला, असा समज होतो. 'उन्हाळी लागली', 'खडा असेल' अशी स्पष्टीकरणे घरातच मिळतात. स्त्रियांच्या बाबतीत हे रक्त मासिक पाळीचे किंवा जंतुसंसर्गाचे मानले जाते. स्त्रियांमध्ये निदानास अधिक विलंब होतो, असे विदेशांतील अभ्यासांतही आढळले आहे. वेदना नसल्यामुळे मजुरी बुडवून दवाखान्यात जाण्याचे कारणही उरत नाही. रक्त दुसऱ्यांदा दिसते तेव्हा काही वेळा गाठ स्नायूपर्यंत पोहोचलेली असते आणि मूत्राशय काढून टाकण्याची वेळ येते.

अणदूरच्या संदर्भात

अणदूर परिसरासाठी या इतिहासाचा अर्थ काय, याचा विचार येथे क्रमप्राप्त आहे. या गावाला ग्रामीण आरोग्यकार्याची परंपरा आहे. डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने १९९० च्या दशकापासून येथे काम केले आणि खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून प्रशिक्षण दिले. आज गावोगावी आशा कार्यकर्त्याही आहेत. रक्ताचा अंश दाखवणारी साधी मूत्रपट्टी ही स्वस्त व वापरण्यास सोपी वस्तू आहे. परंतु पट्टीच्याही आधी लागतो तो प्रश्न : लघवीत कधी रक्त दिसले का? हा प्रश्न विचारणारी आणि उत्तर संकोचाविना ऐकून घेणारी व्यक्ती गावात असणे, ही पहिली गरज आहे. दुसरी गरज म्हणजे त्या व्यक्तीस पुढे कोठे पाठवावयाचे हे निश्चित असणे. तिसरी म्हणजे रुग्ण तेथे पोहोचला काय, याचा पाठपुरावा.

बार्शीच्या नोंदणीने हे तिन्ही दुवे जोडून दाखवले होते. उस्मानाबाद जिल्ह्याच्या अभ्यासातही विषाणू-चाचणीच्या यशामागे केवळ तिची संवेदनक्षमता नव्हती. गावोगाव घेतलेले नमुने, बार्शीची प्रयोगशाळा, दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढील तपासणी व उपचार ही संपूर्ण साखळी त्यामागे उभी होती. तीच साखळी असूनही पेशीपरीक्षेच्या गटात मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. म्हणजे साखळी आणि चाचणी या दोहोंची गरज आहे. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

समारोप

मूत्रपरीक्षेचा इतिहास हा तैलबिंदूपासून जनुकापर्यंतचा आहे. या वाटचालीत नमुना तोच राहिला. त्यात काय शोधावयाचे याचे ज्ञान बदलत गेले. २०२२ या वर्षी जगात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण व सुमारे २ लाख २० हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. नव्या चाचण्या अधिक अचूक होत जातील आणि अनेक रुग्णांचा दुर्बीण-तपासणीचा त्रास कमी होईल, अशी अपेक्षा रास्त आहे. परंतु गिमवीचा शोध तक्रारीची दखल घेतल्याने लागला, बार्शीतील सुधारणा घरोघरी गेल्याने झाली आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील मृत्यू चाचणीच्या मागे उपचार उभे राहिल्याने कमी झाले. या तिन्ही अनुभवांचा निष्कर्ष एकच आहे. शरीराला इजा न करणारी चाचणी ही सुलभ असते. परंतु तिच्या निकालानंतरचा मार्ग सुलभ नसेल तर तिचा लाभ ज्यांना शहर जवळ आहे त्यांनाच मिळतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी जगाला शिकवणाऱ्या या जिल्ह्याला तेथील स्त्रियांच्या सहभागाचे मोल चुकवावे लागले आहे. मूत्राशय-कर्करोगाची विश्वसनीय मूत्रचाचणी उद्या उपलब्ध झाली, तर तिचा उपयोग अणदूरसारख्या गावांपर्यंत प्रथम पोहोचावा, ही मागणी उपकाराची नसून न्यायाची आहे. तोपर्यंत, वेदना नसतानाही लघवीत एकदा दिसलेले रक्त हे तपासणीसाठी पुरेसे कारण आहे, एवढी एक गोष्ट प्रत्येक घरात पोहोचविणे शक्य आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.